महामार्गावर पर्यावरणपूरक थांबा उभारायचाय? आधी पाण्याची वाट शोधा

पुणे-बंगळूर महामार्गाला लागून चार-पाच एकर जमीन असली की घरात कुणीतरी विषय काढतंच. "उसाच्या बिलाची वाट किती दिवस बघायची? पेट्रोल पंप टाकूया, हॉटेल टाकूया." विचार चुकीचा नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या किणीपासून कागलपर्यंतच्या पट्ट्यात रोज हजारो वाहनं जातात आणि स्वच्छ शौचालय, सावली, चांगलं जेवण यांची गरज प्रत्येकाला असते. पण या जमिनीखाली काळी माती आहे, शेजारी पंचगंगा आणि वारणेचं खोरं आहे, आणि पावसाळ्यात आभाळ फाटतं. इथं थांबा बांधताना चूक झाली तर तिची किंमत खालच्या शेतकऱ्याची विहीर मोजते.

मी स्थापत्य अभियंता आहे आणि सांडपाणी, पावसाचं पाणी ही माझी रोजची कामं आहेत. खाली जो क्रम दिलाय तो नेहमीच्या क्रमाच्या उलटा वाटेल. बहुतेक मालक आधी इमारतीचा देखणा नकाशा करून आणतात आणि गटाराचं पाणी कुठं सोडायचं ते शेवटी विचारतात. तेव्हा उत्तर एकच उरतं, ओढ्यात. म्हणून या लेखात इमारत बरीच उशिरा येते. हिशेबासाठी मी पाच एकरांचा, म्हणजे २०० गुंठ्यांचा प्लॉट धरलाय.

पायरी १ : जागा आषाढात बघा

जमीन उन्हाळ्यात बघून इसार देऊ नका. आषाढात, झड लागलेली असताना गमबूट घालून जा. सोबत बांबूच्या खुंट्या आणि लाल चिंध्या घ्या. पाणी प्लॉटमध्ये कुठून शिरतंय, कुठं तुंबतंय, कुणाच्या बांधावरून बाहेर पडतंय, तिथं तिथं खुंटी ठोका. एका प्लॉटवर मालक ज्या कोपऱ्यात डिझेलच्या टाक्या पुरणार होते, तिथंच वरच्या आठ एकरांचं पाणी उतरत होतं. मोजणीच्या नकाशात ते दिसत नव्हतं. खुंट्या ठोकल्यावर अर्ध्या तासात दिसलं.

मग शेजारच्या शेतातल्या जुन्या माणसाला विचारा, २००५ ला पाणी कुठवर आलं होतं, २०१९ ला कुठवर, २०२१ ला कुठवर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे आपल्याकडं शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पण आपल्या प्लॉटवर पाणी नक्की कितव्या फुटाला येतं हे शेजाऱ्यालाच माहीत असतं. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा बघा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटींवर बांधकाम करता येतं. माझा सल्ला तरीही हाच आहे की लाल रेषेच्या आतली जमीन या कामासाठी घेऊ नका. भराव टाकून जमीन उचलली की तुमच्याकडचं पाणी शेजाऱ्याकडं जातं. शिरोलीजवळ महामार्गाच्या भरावानं पुराचं पाणी अडतं, अशी २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर जी तक्रार झाली ती आठवा, आणि तसाच एक छोटा बांध आपण घालू नका.

सातारा-कागल सहापदरीकरणाची संपादनाची हद्दही याच वेळी तपासा. आज रस्त्याला लागून असलेले दहा-पंधरा मीटर उद्या सेवा रस्त्यात जाऊ शकतात. सांडपाण्याच्या टाक्या त्या पट्ट्यात बिलकूल ठेवू नका.

पायरी २ : परवानग्या

यावर जास्त लिहीत नाही, कारण हे काम चांगल्या सल्लागाराकडून करून घेता येतं. जमिनीच्या अकृषिक वापराच्या सध्याच्या नियमांची पूर्तता, बांधकाम परवाना (प्लॉट विकास प्राधिकरणाच्या हद्दीत आहे की बाहेर हे आधी बघा), महामार्गावरून आत-बाहेर जाण्याच्या रस्त्याची परवानगी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उभारणीचं आणि मग चालवण्याचं संमतीपत्र, अग्निशमन, अन्न परवाना. पंप असेल तर स्फोटक विभागाची मंजुरी आणि शाळा, दवाखाने, वस्तीपासून ५० मीटरचं अंतर. एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त झालं तर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. आपला थांबा त्याच्या खूप खाली राहतो. पण मंजुरी लागत नाही म्हणून काळजी कमी करायची, असा अर्थ कुणी काढू नये.

एक गोष्ट मात्र स्वतः करा. प्रदूषण मंडळाच्या अर्जात सांडपाण्याचा आकडा खरा लिहा. फी वाचवायला तो निम्मा लिहिला जातो, त्याच आकड्यावर यंत्रणा बांधली जाते आणि पहिल्याच दिवाळीत ती उतू जाते.

पायरी ३ : माणसं मोजा

गर्दी वर्षभर सारखी नसते. शनिवार-रविवारी अंबाबाईचे भाविक आणि कोकण-गोव्याचे पर्यटक असतात. नवरात्र, चैत्रातली जोतिबाची यात्रा आणि मे महिना वेगळे. उसाचा हंगाम सुरू झाला की सेवा रस्त्याने ट्रॅक्टर-ट्रॉल्या येतात. दोन पोरं प्लॉटजवळ बसवून एक साधा बुधवार, एक शनिवार आणि हंगामातला एक दिवस, चोवीस तास वाहनं मोजून घ्या. यंत्रणा शनिवारच्या आकड्यावर बांधायची, बुधवारच्या नाही.

समजा रोज ३,००० माणसं थांबतात. शौचालय आणि हात धुणं मिळून माणशी १० लिटर, म्हणजे ३०,००० लिटर. त्यातले १,००० जण जेवले, स्वयंपाक आणि भांडी धरून ताटामागे २५ लिटर, म्हणजे आणखी २५,००० लिटर. एकूण ५५,०००. यातलं जवळपास ५०,००० लिटर सांडपाणी होऊन परत येतं. आता पुढचं सगळं या दोन आकड्यांभोवती फिरणार आहे.

इथंच बायकांच्या शौचालयांचाही हिशेब करून टाका. एका बसमध्ये ४० माणसं, त्यात २० बायका. प्रत्येकीला तीन मिनिटं धरली आणि पाच शौचालयं असली तर शेवटच्या बाईला बारा मिनिटांनी वाट मोकळी होते. दोन बस एकदम आल्या की चोवीस मिनिटं. ड्रायव्हर थांबत पंधरा मिनिटंच. म्हणून बायकांसाठी निदान दहा-बारा हवीत, पुरुषांपेक्षा जास्त, आणि त्यातलं एक बाळाला घेऊन आत जाता येईल एवढं मोठं.

पायरी ४ : सांडपाणी, सगळ्यात जास्त वेळ इथं द्या

घरच्या सांडपाण्यात अंघोळीचं, कपड्यांचं, फरशी पुसल्याचं पाणी मिसळून ते पातळ झालेलं असतं. महामार्गावरच्या थांब्याचं तसं नसतं. माणूस येतो, लघवीला जातो, हात धुतो आणि निघतो. त्यामुळे या पाण्यात अमोनिया घरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. निवासी सोसायटीसाठी केलेली तयार यंत्रणा आणून बसवली की ती सहा महिन्यांत वास मारू लागते. पुरवठादार म्हणतो, ऑपरेटर नीट नाही. खरं कारण हे, की अमोनिया पचवताना जीवाणू पाण्यातला क्षार खातात, पाणी आंबट होतं आणि मग जीवाणूच मंद पडतात. हे ठाऊक असेल तर उपाय सोपा आहे. रोज पीएच बघायचा आणि ७ च्या खाली घसरू लागला की चुन्याचं पाणी किंवा खायचा सोडा द्यायचा.

माझ्या पसंतीची रचना अशी. स्वयंपाकघर आणि शौचालय यांच्या लाइन वेगळ्या ठेवा. स्वयंपाकघराच्या लाइनवर दोन कप्प्यांचा तेल-सापळा हवाच, तोही गर्दीच्या वेळचं पाणी अर्धा तास थांबेल एवढा मोठा. आपल्याकडं हे जास्तच महत्त्वाचं आहे. मिसळीच्या कटाचं तेल आणि पांढऱ्या रश्श्यातली मटणाची चरबी गरम पाण्याबरोबर मुकाट्यानं जाते आणि पहाटेच्या गारव्यात पाइपात थिजते. मी असा एक चार इंची पाइप कापून बघितलाय. आत करंगळी जाईल एवढंच भोक उरलं होतं, बाकी सगळा पिवळट, साबणासारखा थर. सापळा रोज रात्री खरवडायचा. खरवडलेलं वेगळ्या डब्यात.

सापळ्यानंतर दोन्ही लाइन समतोल टाकीत एकत्र आणा. दिवसाच्या निम्मं, म्हणजे २५,००० लिटर तरी त्या टाकीत मावलं पाहिजे. दोन बस एकदम आल्या की येणारा लोंढा ही टाकी झेलते आणि पुढं पाणी सावकाश, सारखं जातं. त्यानंतर गाळ बसवण्याची टाकी, मग आडव्या भिंतींची बंद टाकी, जिच्यात पाणी खालीवर वळसे घेत जातं आणि हवेशिवाय जगणारे जीवाणू घाण खातात. शेवटी खडी आणि झाडांची गाळणी. ६० सेंटिमीटर खोल खडी, तिच्यात कर्दळ आणि पाणकणीस. ५०,००० लिटरला तीन-चार गुंठे पुरतात असं गणित सांगतं. अमोनियामुळे मी पाच गुंठे ठेवतो आणि गाळणीच्या आधी हवा मारणारी एक छोटी टाकी जोडतो. खडीच्या तळाला जाड प्लास्टिक अस्तर घालायला विसरू नका. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगेतून पाणी सरळ खाली जातं.

शुद्ध झालेलं पाणी क्लोरीन देऊन शौचालयाच्या फ्लशला आणि झाडांना वापरा. त्यासाठी वेगळ्या रंगाची दुसरी पाइपलाइन बांधकामाच्या वेळीच घाला. नंतर फरशी फोडून कुणी घालत नाही.

सफाई कामगारांना एकच गोष्ट नीट समजावून सांगा, शौचालयात ॲसिड ओतायचं नाही. ॲसिड ओतत राहिलं की टाकीत वाढलेले जीवाणू मरतात. त्याऐवजी पातळ साबण, ब्रश आणि गर्दीत दर तासाला सफाई. भिंतीच्या वरच्या भागात जाळी आणि समोरासमोर झरोके असले की वारा फिरतो, फरशी वाळते आणि निम्मा वास तिथंच संपतो.

पायरी ५ : पावसाचं पाणी

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १,५०० चौरस मीटर छप्पर, वर्षाला १,००० मिलिमीटर पाऊस, वीस टक्के वाया धरले तर १२ लाख लिटर. आकडा मोठा वाटतो, पण आपली गरज रोजची ५५,००० लिटर, म्हणजे हे पाणी जेमतेम २२ दिवसांचं. त्यामुळे छपराच्या पाण्यावर थांबा चालतो अशी पाटी लावू नका. हे पाणी स्वच्छ असतं, ते लाखभर लिटरच्या टाकीत साठवून, गाळून, निर्जंतुक करून पिण्याला आणि स्वयंपाकाला वापरा. पहिल्या दोन पावसांचं मात्र वाहून जाऊ द्या.

बोअरमध्ये पुनर्भरण करा असा सल्ला सरसकट दिला जातो. आपल्या भागात जुलैत विहिरी काठोकाठ भरलेल्या असतात, खाली काळा पाषाण असतो. पुनर्भरणाच्या खड्ड्यात पाणी जातच नाही, वरच तरंगतं. तेव्हा इथं खरं काम आहे ते पाणी अडवून सावकाश सोडण्याचं. प्लॉटवर १०,००० चौरस मीटर फरसबंदी झाली आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर जवळपास पाच लाख लिटर पाणी एका तासात खालच्या शेतात जाईल. पूर्वी तिथं ऊस होता, तो हे पाणी धरून ठेवायचा. म्हणून सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, जिथं तुम्ही आषाढात खुंट्या ठोकल्या तिथं, २० बाय १७ मीटरचं आणि दीड मीटर खोल तळं करा. त्यात पाच लाख लिटर मावतं. तळाला छोटा पाइप, वर सांडवा. तळ्यात पाणी येण्याआधी ते गवताच्या उथळ चरातून फिरू द्या.

पंप आणि ट्रक-पार्किंगचं पाणी यात मिसळायचं नाही. त्यावर डिझेल असतं. त्याला स्वतंत्र गटार आणि तेल-पाणी वेगळं करणारी टाकी हवी.

पायरी ६ : माती, पार्किंग आणि झाडं

जेसीबी लागण्याआधी वरची अर्धा-पाऊण फूट सुपीक माती सोलून बाजूला, दोन मीटरपेक्षा कमी उंचीच्या ढिगात ठेवा. ती मुरुमाखाली गाडणं हा गुन्हाच आहे. झाडांना लागेल ती ठेवा, उरलेली शेजाऱ्यांना द्या, बांधापर्यंत पोचवून द्या.

तीस ट्रकना वळणाच्या जागेसह साधारण सव्वा एकर लागतं. तिरके कप्पे ठेवा म्हणजे मागं घ्यावं लागत नाही. ट्रकखाली काँक्रीटच हवं. गाड्यांच्या पार्किंगला पाणी मुरणारे ब्लॉक चालतात, पण काळ्या मातीवर थेट नाही. ती पाणी पिऊन फुगते आणि दोन पावसाळ्यांत ब्लॉक लाटेसारखे उठतात. पाऊण ते एक मीटर माती काढा, मुरुम आणि खडी भरा आणि तळाला भोकांचा पाइप टाकून मुरलेलं पाणी तळ्याकडं न्या.

ब्लॉकबद्दल खास आपल्या भागातली एक गोष्ट. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांतून, वापरलेली वाळू निघते. बेंटोनाइट मातीत बांधलेली ती काळी वाळू ब्लॉकमध्ये नदीच्या वाळूऐवजी थोड्या प्रमाणात वापरता येते. दहा टक्क्यांनी सुरुवात करा, ब्लॉक दाबून ताकद तपासा, पाण्यात काही उतरतंय का याची प्रयोगशाळेत चाचणी करा आणि त्याची मंडळाकडं नोंद ठेवा. रेझिन लावलेली वाळू मात्र घेऊ नका.

झाडं पहिल्या जूनमध्ये, म्हणजे पाया खणायच्याही आधी लावा. सावली पडायला पाच-सहा वर्षं लागतात, ती वर्षं आजपासून मोजायला घ्या. ट्रकच्या कप्प्यांमध्ये दोन-अडीच मीटर रुंद पट्टा सोडून करंज आणि कडुनिंब, खालच्या फांद्या काढत काढत खोड पाच मीटरपर्यंत मोकळं करायचं. तळ्याकाठी अर्जुन, जांभूळ, उंबर. गाड्यांजवळ बकुळ, बहावा, ताम्हण. कडेला जागा असेल तर एक वड हवाच. रस्ता रुंद करताना आपण किती वड तोडले ते या वाटेनं तीस वर्षं जाणाऱ्याला विचारा. गुलमोहर आणि निलगिरी नकोत, पहिल्याची फांदी वाऱ्यात मोडून काचेवर येते.

सावलीत झोपलेला ड्रायव्हर पंख्यासाठी इंजिन चालू ठेवत नाही. दूध आणि भाजीच्या थंड गाड्यांसाठी चार-पाच कप्प्यांत थ्री-फेज प्लग द्या, त्याही इंजिन बंद ठेवतील. अंघोळीची सोय आणि साधी, स्वच्छ झोपायची खोली हेही पर्यावरणाचंच काम आहे. ताजातवाना ड्रायव्हर सावकाश गाडी चालवतो, डिझेलही कमी जळतं.

पायरी ७ : आता इमारत

लांब बाजू पूर्व-पश्चिम पसरलेली, म्हणजे मोठी दारं-खिडक्या उत्तर-दक्षिणेला. पश्चिमेला कोठी आणि जिना ठेवा, दुपारचं ऊन त्यांनी खावं. पुढं जुन्या वाड्यासारखा रुंद सोपा, म्हणजे ओसरी, आणि सव्वा मीटर बाहेर आलेली पागोळी. आपला पाऊस वाऱ्यासकट तिरका येतो, छोट्या छज्जानं भागत नाही. छपराला मंगलोरी कौल किंवा पत्रा, पण पत्र्याखाली उष्णतारोधक थर हवाच. भिंतीला जवळच्या खाणीचा काळा दगड किंवा राखेच्या विटा. जेवणाच्या दालनाला मोठे पंखे पुरतात, एसी फक्त झोपायच्या खोल्यांना.

पायरी ८ : वीज, गॅस आणि कचरा

गाड्यांच्या पार्किंगवर १०० किलोवॅटचं सौर छत बसतं, गाड्यांनाही सावली मिळते. वर्षाच्या सरासरीनं रोज ४०० युनिट धरा, पण जुलै-ऑगस्टमध्ये ती बरीच कमी येते, म्हणून महावितरणशी नेट मीटर जोडलेला हवा. विजेच्या गाड्यांसाठी ६० किलोवॅटचे दोन चार्जर एकदम चालले की भर दुपारी तुमचं सगळं सौर उत्पादन त्यातच जातं. आज एकच चार्जर बसवा, पण सहा चार्जरचे पाइप आणि ट्रान्सफॉर्मरची जागा आजच करून ठेवा.

ओला कचरा १५० किलो निघाला तर बायोगॅसमधून रोज पाच-सहा किलो एलपीजीएवढा गॅस मिळतो, म्हणजे साधारण तीन-चार दिवसांना १९ किलोचा एक सिलिंडर वाचतो. बाहेर पडणारी स्लरी झाडांना घाला. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा न वापरता बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्या अधिकृत संस्थेला द्या. पाण्याच्या बाटल्या कमी करायच्या असतील तर दारातच थंड पाण्याचे चार नळ ठेवा, त्यावर शेवटच्या तपासणीची तारीख लिहा. तारीख दिसली की लोक बाटली भरून घेतात.

पायरी ९ : पूर येईल हे धरून चाला

ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि दोन्ही बाजूंना ट्रकच्या रांगा दिवसचे दिवस उभ्या राहिल्या. आसपासच्या गावांनी भाकरी-आमटी पोचवली. शौचालय मात्र कुणी पोचवू शकत नाही. तुमचा थांबा उंचावर असेल तर पूर आला की तोच त्या लोकांचा आधार असेल. म्हणून पिण्याच्या पाण्याचा पाच दिवसांचा साठा, तळघराऐवजी वरच्या मजल्यावर विजेचं स्विच-पॅनल आणि जनरेटर, समतोल टाकीला जादा २५,००० लिटरची जोडटाकी, आणि पाच दिवस पुरेल एवढं धान्य. जूनच्या पहिल्या आठवड्यात हे सगळं तपासायचं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की डिझेल भरून ठेवायचं.

पायरी १० : पहिला पावसाळा

उद्घाटन शक्यतो दिवाळीत करा, पण यंत्रणा पुरवठादाराचा शेवटचा हप्ता पुढच्या सप्टेंबरपर्यंत रोखून ठेवा. तसं करारात आधीच लिहून घ्या, आणि देखभालीचा करार तीन वर्षांचा करा. पहिल्या पावसाळ्यात एका माणसाला वही देऊन फक्त याच कामाला ठेवा. रोज सकाळी सातला पीएच, समतोल टाकीची पातळी, तळ्याची पातळी, बांधापलीकडच्या विहिरीच्या पाण्याचा रंग आणि वास. विहीर ज्या शेतकऱ्याची आहे त्यालाही त्या वहीत सही करायला सांगा.